मेजरीणबाईंनी टेंडर मोडलं

आण्णासाहेबांची तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, स्वतःच्या सख्ख्या भावाला खांदा देऊ दिला नाही. कुलदीप पुढं झाला, वाकून बांबूला हात लावणार, एवढ्यात त्या ओट्यावरून उतरल्या आणि मधे उभ्या राहिल्या. त्यांचं रडणं थांबलं होतं.

"तू हात लावू नको," एवढंच म्हणाल्या.

बेंबळीतली सगळी भावकी अंगणात उभी होती. एक म्हातारी पुढं आली. "सत्यभामा, आसं करू न्हाय बाई. मयताचं काम हाय. राग मागनं काढ."

"मागनंच काढनार हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

कुलदीप मागं सरला आणि गाडीत बसून निघून गेला. लोकांना वाटलं, दुःखाच्या भरात बोलली बाई, तेरावं होईस्तोवर विसरेल. तिला ओळखणाऱ्यांना मात्र तसं वाटलं नाही.

आण्णासाहेब लष्करात गाड्यांच्या दुरुस्तीच्या खात्यात होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजर असतो. तेव्हा ते मेजर आणि त्या मेजरीणबाई. पेन्शन खात बेंबळीत बसायचा त्यांचा पिंड नव्हता. येरमाळ्याला हायवेच्या कडेला जागा घेऊन त्यांनी इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं. नाव दिलं काळभैरव इंजिन वर्क्स, कारण बायकोचं माहेर सोनारीचं आणि तिची सगळी भक्ती काळभैरवावर. उसाचे ट्रक, ट्रॅक्टर, बोअरच्या गाड्या, सरकारी खात्यांच्या जीपा, सगळ्यांची इंजिनं तिथं उघडायची आणि नव्यासारखी होऊन बाहेर पडायची. एकदा लष्कराच्या गाड्यांचं काम आपल्या शेडात आणायचं, ही त्यांची एकच हौस होती. "त्येंच्या इंजिनांवर शिकलो. त्येंच्या इंजिनांवरच हात थांबावा," असं म्हणायचे.

कुलदीप त्यांचा भागीदार. त्याला भागीदार करायचा हट्ट सत्यभामाबाईंचा. सोनारीला आई वारली तेव्हा कुलदीप जेमतेम चालायला लागला होता. बापाचं लक्ष नव्हतं. सत्यभामाबाईंनीच त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, आणि लग्न होऊन बेंबळीला आल्या त्यादेखील त्याचं बोट धरूनच. सासरी कुरकुर झाली तेव्हा आण्णासाहेब सुट्टीवर घरी होते. ते आईला म्हणाले, "पोरगं माझ्या ताटात जेवंल." पुढं त्याला शिकवलं, हाताखाली घेऊन काम दिलं, आणि शेड वाढवताना मशीनांचं कर्ज त्याच्या नावावर काढलं. फौजेतल्या माणसाला कागदाचं महत्त्व कळत नव्हतं असं नाही. घरातल्या माणसाशी कागद करायचा नसतो, असं त्यांना वाटायचं.

मग एका सकाळी क्रँकशाफ्ट उचलायला म्हणून आण्णासाहेब वाकले आणि तिथंच कोसळले. उजवी बाजू गेली. सोलापूरच्या दवाखान्यात त्यांना बरेच दिवस ठेवलं होतं. सत्यभामाबाई तिथंच खाटेशेजारी चटई टाकून राहायच्या. कुलदीप पहिल्या आठवड्यात दोनदा आला, मग फोनवर बोलायला लागला, मग फोनही कमी झाले.

त्या काळात त्यानं शेड रिकामं केलं. ब्लॉक बोअर करायचं मशीन, क्रँक घासायचं मशीन, मोठं लेथ, सगळं ट्रेलरवर चढवून धाराशिवच्या एमआयडीसीत नेलं आणि स्वतःच्या नावानं नवी फर्म उघडली. कामगारांना सांगितलं, दाजी आता काय उठत नाहीत, चला माझ्याबरोबर. सगळे गेले. कोंडीराम तेवढा गेला नाही. तो मेजरचा फौजेतला जोडीदार, त्याला दुसरीकडं करमलं नसतं.

सत्यभामाबाई पोलीस ठाण्यात गेल्या. मशीनं कागदावर कुलदीपची होती. अंमलदार म्हणाला, "बाई, हा घरातला वाद आहे. बसून मिटवा."

दवाखान्यातून घरी आल्यावर आण्णासाहेब हातानं खुणा करून शेडकडं न्यायला सांगू लागले. नेऊ नये असं सगळ्यांचं मत होतं, पण त्यांनी जेवण सोडलं, तेव्हा कोंडीरामनं त्यांना जीपमधनं येरमाळ्याला नेलं. शेडात ते खुर्चीवर बसले. समोर सिमेंटच्या चौथऱ्यांतून नुसते बोल्ट वर आलेले. बराच वेळ बघत राहिले. मग अडखळत त्यांनी एकच शब्द काढला.

"कुलू?"

सत्यभामाबाईंना आधी कळलं नाही. मग लक्षात आलं. शेड लुटलं गेलं असं त्यांना वाटत होतं, आणि त्यात कुलूला काही झालं का, हे ते विचारत होते.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "त्याला काय बी झालं न्हाय."

मेजर त्या हिवाळ्यात गेले. खरं काय ते त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. त्या शेडात माझं येणंजाणं असायचं. सत्यभामाबाई मला एकदा म्हणाल्या, "मशीनं नेल्याचं म्या सोसलं असतं. त्या दिवशी त्येंनी त्याचीच काळजी केली, ती मला सोसली न्हाय."

बेंबळीची विहिरीकडची जमीन विकून त्यांनी जुनी मशीनं आणली आणि शेड पुन्हा चालू केलं, आता स्वतःच्या नावावर. कोंडीराम हाताशी होता, बार्शीला शिकलेली मुलगी हर्षाली कार्यालयाचं सगळं बघायची. सत्यभामाबाई स्वतः गिऱ्हाईक बघायच्या, सुटे भाग आणायच्या, इंजिन चालू झालं की जवळ उभ्या राहून ऐकायच्या. कुलदीपचं नाव त्या शेडात कुणी काढत नव्हतं. त्यांना मात्र त्याचं सगळं ठाऊक असायचं. त्यानं कोणती गाडी घेतली, कुठल्या पुढाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसला, सगळं.

दोन वर्षांनी एका लष्करी वर्कशॉपनं ट्रकांच्या इंजिनांची दुरुस्ती बाहेरून करून घ्यायचं टेंडर काढलं. हर्षालीनं बातमी सांगितली तेव्हा आई जेवत होती. हात थांबला.

"भर," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाचं काम हाय त्ये."

अटी बऱ्याच होत्या. अशा कामाचा आधीचा अनुभव पाहिजे, दुरुस्त झालेलं इंजिन भार देऊन तपासायचं टेस्ट बेंच स्वतःच्या मालकीचं पाहिजे. बेंच सत्यभामाबाईंनी जुनं का होईना घेतलं होतं. अनुभव म्हणून जुन्या काळभैरव वर्क्सनं सरकारी खात्यांसाठी केलेली कामं दाखवली. टेंडर भरलं आणि वाट बघत बसल्या.

दर उघडले तेव्हा सगळ्यात कमी दर कुलदीपच्या फर्मचा होता. दुसरा नंबर यांचा. काम कुलदीपला मिळालं.

हर्षालीला रडू आलं. कोंडीराम डोकं धरून बसला. सत्यभामाबाई कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं ते नाव कितीतरी वेळ बघत होत्या, आणि मग चक्क हसल्या.

"आई, हसतीस काय?"

"मशीनं नेली तवा पोलीस म्हनले घरातला वाद," त्या म्हणाल्या. "आता ह्ये घरातलं न्हाय. आता ह्ये सरकारी हाय. आता घावला."

कुलदीपकडं टेस्ट बेंच नाही, हे हायवेवरच्या निम्म्या लोकांना माहीत होतं. मग लष्कराचे तपासणी अधिकारी आले तेव्हा त्यानं दाखवलं काय? उत्तर योगीराजकडं होतं. योगीराजची क्रेन आणि ट्रेलर येरमाळ्याच्या चौकातच उभे असायचे. सत्यभामाबाई त्याच्याकडं गेल्या आणि सरळ विचारलं. तो आधी उडवाउडवी करू लागला. मग म्हणाला, "मावशी, भाडं मिळालं, म्या माल हलवला. तपासनीच्या आदल्या दिवशी बेंच सोलापूरहून आनून ठिवलं, तपासनी झाली की परत पोचवलं. मला त्यात काय कळतं?"

"ह्येच कोर्टात सांगशील?"

"माझ्या पोटावर पाय नका दिऊ."

"मेजरनी तुझ्या क्रेनचं इंजिन फुकटात बांधून दिलं होतं, योगीराज. मला त्याची आठवन करून द्यायची न्हाय. तूच आठव."

योगीराज दोन दिवस चौकातून गायब होता. तिसऱ्या दिवशी आला आणि प्रतिज्ञापत्रावर सही करून गेला.

सत्यभामाबाई आधी त्या लष्करी कार्यालयात गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यानं अदबीनं बसवलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. "माजी सैनिकाच्या पत्नी आहात, तुमच्याबद्दल आदर आहे," तो म्हणाला. "पण आमच्या लोकांनी जागेवर जाऊन बेंच डोळ्यांनी पाहिलंय. तुमचा दुसरा नंबर आला म्हणून तुम्हाला असं वाटतंय."

"दुसरा नंबर आला म्हनून न्हाय," त्या उठताना म्हणाल्या. "पहिला कुनाचा आला म्हनून आले."

तक्रार फेटाळल्याचं उत्तर आलं. मग त्या औरंगाबादला उच्च न्यायालयात गेल्या. वकील मिळाली अस्मिता, तुळजापूरच्या शिक्षकाच्या घरातली, वयानं हर्षालीपेक्षा थोडी मोठी, बोलायला मऊ आणि कामाला चिवट. तिनं रिट याचिका दाखल केली. योगीराजचं प्रतिज्ञापत्र वाचून न्यायाधीशांनी पहिल्याच तारखेला 'जैसे थे' असा हुकूम दिला. म्हणजे निकाल लागेपर्यंत कुलदीपला काम सुरू करता येणार नव्हतं. त्यानं मात्र कामाच्या भरवशावर मोठं शेड घेतलं होतं, बँकेकडून नवी मशीनं उचलली होती. ती मशीनं आता नुसती उभी राहिली.

प्रत्येक तारखेला सत्यभामाबाई एसटीनं जायच्या. अस्मिता सांगायची, "काकू, तुमची गरज नसते. मी फोन करीन." तरी त्या जायच्या. इंग्रजीतला युक्तिवाद त्यांना कळत नव्हता. त्या मागच्या बाकावर बसायच्या आणि पुढं बसलेल्या कुलदीपच्या मानेकडं बघायच्या. दर वेळी तो थोडा वाळलेला दिसायचा. त्या ते बघायलाच जात होत्या, हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही.

"कळवळा न्हाय आला?" मी विचारलं होतं.

"आला असता तर मधीच उतरले असते की. बीडला, न्हायतर गेवराईला. एकदा बी न्हाय उतरले."

पुढं प्रकरण अडलं. सरकारी वकील म्हणाले, बेंच कुणाचं, कधी आलं, कधी गेलं, ही वादाची गोष्ट आहे. त्याला साक्षीपुरावे लागतात, रिटमध्ये ते होत नाही. न्यायाधीशांनाही ते पटू लागलेलं दिसलं. त्या संध्याकाळी अस्मितानं सत्यभामाबाईंना आपल्या ऑफिसात बसवलं.

"काकू, आपल्याकडं आणखी एक मुद्दा आहे. त्याला साक्षीदार लागत नाही. टेंडरची अट आहे की अनुभव स्वतःच्या फर्मचा पाहिजे. कुलदीपनं जुन्या काळभैरव वर्क्सचा अनुभव दाखवलाय. ती भागीदारी काका गेले त्या दिवशी आपोआप संपली. त्याची नवी फर्म वेगळी. तो अनुभव त्याला वापरता येत नाही."

"मंग ह्यो मुद्दा आदुगर का न्हाय घेतला?"

"कारण तुम्हीपण तोच अनुभव दाखवलाय. तुमची फर्मही नवी आहे. हा मुद्दा मांडला तर त्याचं काम जाईल, पण तुम्हालाही मिळणार नाही. नवीन टेंडर निघेल आणि त्यात तुम्ही दोघंही बसणार नाही. काकांची इच्छा..."

सत्यभामाबाईंनी पदर सारखा केला. विचार करायला त्यांना वेळ लागला नाही, असं अस्मितानं मला नंतर सांगितलं.

"त्याचं जाईल, ह्ये नक्की?"

"बहुतेक नक्की."

"मंग मांडा."

"काकू, घरी जाऊन हर्षालीशी बोला. घाई नको."

हर्षालीशी बोलणं झालं, पण त्याआधी कुलदीपच येरमाळ्याला आला. मेजर गेल्यापासून पहिल्यांदाच. बरोबर त्याची बायको प्रेमाबाई होती. शेडात काम चालू होतं. कोंडीराम त्याला बघून पाठ करून उभा राहिला. सत्यभामाबाईंनी खुर्ची पुढं केली ती प्रेमाबाईला. कुलदीप उभाच राहिला.

"आक्का, केस मागं घे," तो म्हणाला. "काम आपन दोघं करू. निम्मं निम्मं. तुझ्या शेडात लष्कराची गाडी येईल. दाजींना ह्येच पायजे होतं ना? जुनी मशीनं बी परत आनून देतो."

हर्षाली आईकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

"दाजींचं नाव तू घिऊ नको," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"का घिऊ नको?" कुलदीपचा आवाज चढला. "मलाबी त्येंनीच वाढवलं. पर आयुष्यभर हाताखालीच ठिवलं ना? सगळं मेजरचं. मेजरचं शेड, मेजरचा हात, मेजरचं नाव. कर्ज माझ्या नावावर आन कौतुक त्येंचं. ते पडले तवा बँक माझ्या दारात आली, आक्का, तुझ्या न्हाय. म्या काय करायचं होतं?"

यात काही खरंही होतं. बँकेच्या नोटिसा त्यालाच आल्या होत्या.

"सोलापूरला यायचं होतं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "त्येंच्या उशाला बसायचं होतं. आन सांगायचं होतं, दाजी, म्या मशीनं नेतो. त्येंनी मान हलवून व्हय म्हनलं असतं. तुला ठाऊक हाय, व्हयच म्हनलं असतं. न विचारता नेलंस, म्हनून ह्ये सगळं."

प्रेमाबाईनं पदर पसरला. "आक्का, लेकरांकडं बघा."

"बाई, तू चहा पिऊन जा," सत्यभामाबाई तिला म्हणाल्या. "तुझ्यावर माझा राग न्हाय. पर ह्याला सांग, माझ्याकडं द्यायला काय बी न्हाय."

ते गेल्यावर हर्षालीचा बांध फुटला. "आई, निम्मं काम येत होतं! बाबांची इच्छा पुरी होत होती. तू ती लाथाडलीस. मामाला बुडवायचं म्हणून आपणही बुडायचं?"

"आपन बुडत न्हाय. ट्रॅक्टर हायेत, उसाच्या गाड्या हायेत."

"आणि बाबांची इच्छा?"

"तुझ्या बापाला त्या गाड्या ह्याच्याबरोबर वाटून घ्यायला आवडल्या असत्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "ते तसेच होते. मी तशी न्हाय."

अस्मितानं मुद्दा मांडला. कुलदीपच्या वकिलानं बरीच धडपड केली, शेवटी म्हणाला, हाच न्याय लावला तर याचिकाकर्तीही अपात्र ठरते. न्यायाधीशांनी अस्मिताला विचारलं, तुमच्या अशिलाला हे समजलं आहे का? अस्मितानं मागं वळून बघितलं. सत्यभामाबाई बाकावरून उभ्या राहिल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "समजलंय साहेब. मला काम नको. त्याचं काढा."

निकाल पावसाळा संपता संपता लागला. कुलदीपला दिलेलं काम रद्द. नवीन टेंडर काढावं. संपलेल्या भागीदारीचा अनुभव दोघांपैकी कुणालाही धरता येणार नाही. नव्या टेंडरात काम दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीला गेलं. लष्कराची गाडी येरमाळ्याच्या शेडात आली नाही, आता येणारही नाही.

कुलदीपच्या मशीनांवर बँकेनं कब्जा केला. एमआयडीसीतल्या शेडाला दुसऱ्याच मालकाची पाटी लागली. त्यानं नेलेले कामगार एकेक करून पुण्याला, चाकणला पांगले. दोघेजण सत्यभामाबाईंकडं काम मागायला आले, त्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. कुलदीप आता बार्शी रोडला दुसऱ्याच्या गॅरेजात नोकरी करतो. हात चांगला आहे त्याचा, मेजरनीच घडवलेला. गॅरेजवाल्यानं एकदा भोळेपणानं सत्यभामाबाईंना विचारलं, जास्तीची कामं आमच्याकडं पाठवत जा ना. त्या म्हणाल्या, "जिथं तो हाय तिथं माझं गिऱ्हाईक जानार न्हाय." आणि तसंच चाललंय.

हर्षालीचं लग्न झालं, ती लातूरला असते. मामाच्या मुलीची शाळेची फी ती गुपचूप भरते, असं लोक म्हणतात. आईला ते माहीत आहे. त्यावर त्या बोलत नाहीत. दिवाळीला हर्षाली येते, पण एका दिवसात परत जाते. आधी चार दिवस राहायची.

गेल्या चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत आमराईकडं लोटालोटीत भाऊबहीण समोरासमोर आले. मी त्यांच्यामागं होतो. कुलदीप वाकला, त्यानं त्यांच्या पायांना हात लावला. गर्दीत मागं सरायला जागा नव्हती, म्हणून त्या उभ्या राहिल्या. आशीर्वादाचा हात वर झाला नाही. तो उठेपर्यंत त्या पालखीकडं बघत होत्या. मग गर्दीनं दोघांना दोन बाजूंना नेलं.

परतताना मला राहवलं नाही. म्हटलं, "मेजरीणबाई, आता तरी मन निवलं का? लोक म्हणतात, सूड घेऊन समाधान मिळत नसतं."

त्या चालताना थांबल्या. कपाळाचा घाम पुसला.

"ज्येंनी घेतला न्हाय ते म्हनत असतील," त्या म्हणाल्या. "मला लई दिसांनी झोप लागती."

तेवढ्यात शेडकडून कोंडीराम येताना दिसला. कळंबच्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं इंजिन बांधून झालं होतं आणि यात्रेला आलेला मालक घाई करत होता. सत्यभामाबाईंनी पदर खोचला आणि गर्दी कापत त्या झपाझप शेडाकडं निघाल्या. त्यांनी ऐकल्याशिवाय तिथलं इंजिन बाहेर जात नाही.